पेशीचं तोंड कुणीकडे

ये वं पोरी, अशी जवळ सरक. तू तिकडे दूर शहरात बसून वाचशील हे मला माहीत आहे, पण समोर कोणी बसल्याशिवाय मला बोलता येत नाही, आणि लिहिणंही तसंच. म्हणून बस. मोबाईल उलटा ठेव. आधी रागावते, मग सांगते.

बहिणीची पोर म्हणून तुझे एवढे लाड केले, आणि तू त्या लग्नात मंडपभर काय सांगत सुटलीस? म्हणे मावशीची नात मासोळ्यांची डॉक्टर आहे! तुला काय, तू दुसऱ्या दिवशी गाडीत बसून गेलीस. इथं मला राहायचं आहे. बोदलकसा तलावाकडचा एक माणूस चक्क पिशवीत मासोळी घेऊन दारात आला. "बाई, नातीनीले दाखवा जरा, ही सुस्त काऊन राहाते?" मी म्हटलं, दाखवते, ठेवून जा. मग ती मासोळी आम्ही रश्श्यात टाकली, ते जाऊ दे. पण पुढच्या वेळी तो विचारेल ना, काय निघालं म्हणून?

तेव्हा नीट ऐक माझी नात काय करते. मला तरी कुठं माहीत होतं? मागच्याच महिन्यात, पौषात कळलं, आणि कळायच्या आधी मी तिच्या तीन वर्षांच्या कामाची पार वाट लावून ठेवली होती.

झालं असं. नात, म्हणजे आमची पोरगी, थंडीत बारा दिवसांसाठी घरी आली. एरवी आली की आधी चुलीजवळ बसते आणि वांग्याचं भरीत मागते. यावेळी आल्याआल्या बॅगेतून काड्यापेटीपेक्षा जरा मोठी काळी डबी काढली, तिच्या कामाची चित्रं साठवलेली, ती लॅपटॉपला जोडली आणि विचारलं, "आजी, तुझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्याला किती महिने झाले?"

"सहा. काऊन?"

"दिसते ना साफ?"

"तुह्या कपाळावरचा फोडही दिसून राहिला," मी म्हटलं. "तेल लाव त्याले."

मग तिनं सांगितलं. आपल्या अंगातल्या पेशी एका जागी बसून नसतात म्हणे. जखम झाली की कातडीच्या पेशी सरकत सरकत येतात आणि ती जागा भरतात. त्यांना पाय नाहीत, तरी चालतात. पुढचं अंग पसरवतात, ते जमिनीला चिकटवतात, मग मागचं ओढून घेतात. हे सगळं करतात प्रोटीन. मी म्हटलं, प्रोटीन तर डाळीत असते, तुह्या मायनं मले भाषण देऊन देऊन कान किटवले. ती म्हणाली, "डाळीतलं खाल्लेलं मोडून शरीर आपलं वेगळं प्रोटीन तयार करते, आजी. पेशीत हजारो असतात. काही दोरखंडासारखे, काही खांबासारखे. पुढे खांब उभे होतात, मागे मोडतात. आणि एक प्रोटीन मेटसारखं असते."

मेट म्हटल्यावर मला एकदम कळलं. रोजगार हमीच्या कामावर एक मेट असते. ती स्वतः टोपलं उचलत नाही, पण आज कुठून खोदायचं ते ती सांगते. ती आली नाही तर माणसं तेवढीच, फावडी तेवढीच, आणि काम मात्र चौफेर. पोरगी तीन वर्षं तसल्याच एका प्रोटीनच्या मागे लागली होती. तिचं म्हणणं असं, की हे प्रोटीनच पेशीला सांगते पुढचं अंग कोणतं. त्याचं काम थांबवलं तर पेशीला आपलं तोंड कुणीकडे हेच कळणार नाही.

"मग पाहा न तसं."

"पाहिलं. मले तसंच दिसते. पण मॅडम म्हणतात, तुले तसं पाहिजे म्हणून तसं दिसते."

या मॅडम म्हणजे तिच्या गुरू. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण त्या वाक्यावरून बाई पक्की आहे हे मी ओळखलं. मॅडमचं म्हणणं, चित्रांवर खुणा अशा माणसानं कराव्या ज्याला काही ठाऊक नाही. कोणत्या काचेवरच्या पेशींचं प्रोटीन थांबवलं आणि कोणत्या काचेवरचं नाही, हे त्याला माहीत नको. प्रयोगशाळेत तर सगळ्यांना सगळं ठाऊक. आणि मॅडमनी हेही सांगून ठेवलं होतं, की यातून काही निघालं नाही तर हे प्रोटीन सोडायचं. दुसरं घ्यायचं. पुन्हा पहिल्यापासून. हे सांगताना पोरगी माझ्याकडे पाहत नव्हती, चुलीतल्या राखेवर काडीनं रेघा ओढत होती. तिचा बाप, माझा पोरगा, लहानपणी पाटी फुटली तेव्हा असाच बसला होता.

"काही ठाऊक नसलेलं माणूस पायजे न?" मी म्हटलं. "मंग मी हावो की."

आता ईनबाईचं सांगते. म्हणजे माझ्या सुनेची आई, पोरीची नानी. गोंदियातलं दुकानदाराचं घर, बोलणं सगळं हिंदीत, खाणं कांदा-लसणाशिवायचं. गुडघ्याला ऊन चांगलं म्हणून ती त्या महिन्यात आमच्याकडे राहायला आली होती. माणूस सोन्यासारखं. पण ती घरात असली की मासोळीचं नाव काढायची सोय नाही, आणि मी पौषात मासोळीशिवाय म्हणजे, तू समजून घे. तिनं ऐकलं तर म्हणाली, "मैं भी करूँगी. बच्ची अकेली आप की थोड़े ही है, समधनजी."

तर आम्ही दोघी बसलो. सपरीत, म्हणजे ओसरीत, खाट, खाटेवर पाट, पाटावर लॅपटॉप. पडद्यावर एक एक चित्र यायचं. राखाडी जमीन आणि मधोमध एक पेशी. एका बाजूनं सुपासारखी पसरट, दुसऱ्या बाजूनं निमुळती, आणि निमुळत्या टोकाशी बारीक बारीक दोरे जमिनीला चिकटलेले. चित्र थांबलेलं. ती पुढे कुठं गेली हे कॉम्प्युटरला ठाऊक, आम्हाला नाही; आमची खूण तो त्याच्याशी ताडून पाहणार. आम्ही फक्त आधी मागच्या अंगावर टिचकी मारायची, मग पुढच्या अंगावर. एक बाण उमटायचा आणि लगेच दुसरं चित्र. खाली आणखी एक बटण होतं, त्यावर मराठीत लिहिलं होतं: कळत नाही.

ते बटण मी एकदाही दाबलं नाही. मला कळत नाही असं मी सासूपुढे नाही म्हटलं, ईनबाईपुढे म्हणेन?

पन्नास चित्रं एकीनं करायची, तोवर दुसरीनं वाटाण्याच्या शेंगा सोलायच्या. मग अदलाबदल. सहाशेच्या वर चित्रं होती. तोंड मात्र आमचं कधी बंद नव्हतं. कोणाच्या सुनेला काय झालं, गोंदियाच्या बाजारात साड्या काय भावानं लागल्या, सगळं बोलून झालं. चित्रांबद्दल तेवढं बोललो नाही. पुढचं अंग कोणतं नि मागचं कोणतं, यात बोलण्यासारखं काय आहे? म्हशीचं तोंड कुठं यावर कधी दोन बायका बोलत बसतात का?

तिसऱ्या दिवशी ईनबाईनं माउसवर हात ठेवल्या ठेवल्या सहज विचारलं, "ये सेल हैं किसके, बेटा?"

"मासोळीचे, नानी."

ईनबाईनं माउसवरून हात उचलला. पोरगी भाबडी, सांगतच राहिली, "मासोळीचं एक खवलं चिमट्यानं काढायचं, काचेवर ठेवायचं, की त्याखालच्या पेशी आपोआप बाहेर चालत येतात. मासोळीले काही होत नाही. तिले पुन्हा पाण्यात सोडतो."

ईनबाई उठली. मोरीत गेली. त्या थंडीत डोक्यावरून अंघोळ केल्याचा आवाज आला. मी तोंडात पदर कोंबून बसले. मी चार दिवसांपासून त्या बाईपायी घरात मासोळी आणली नव्हती, आणि ती बाई तीन दिवसांपासून मासोळी कुरवाळून राहिली होती.

सून माझ्यावर डोळे वटारून म्हणाली, "हसू नका न, आई." पण तिचेही खांदे हलत होते.

तासाभरानं ईनबाई ओले केस पाठीवर सोडून परत आली आणि खाटेवर बसली. "खाना थोड़े ही है," ती म्हणाली. "देखना ही तो है. लाओ, किसकी बारी है?" मी तेव्हाच मनात म्हटलं, ही बाई पोरीवर माझ्याएवढीच जीव टाकते. तोंडानं नाही म्हटलं. एवढं नाही म्हणत मी.

सहाव्या दिवशी काम संपलं. मी गुळाचा शिरा केला. पोरगीनं सगळ्या खुणा कॉम्प्युटरला दिल्या, आणि मग तिनं ती यादी उघडली, कोणत्या काचेवर प्रोटीन चालू आणि कोणत्या काचेवर थांबवलेलं. शिऱ्याची वाटी तिच्या हातातच राहिली.

"काय झालं वं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "काहीच नाही निघालं. चांगल्या पेशींचे बाणही अर्धे इकडे, अर्धे तिकडे. प्रोटीन असो की नसो, फरकच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सोडायचं, आजी."

ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं शिरा खाल्ला. पूर्ण वाटी खाल्ली, चमचा चाटला, वाटी घासून ठेवली. माझी पोरगी जेवताना बोलली नाही असं त्या दिवसापर्यंत कधी झालं नव्हतं. ईनबाई माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्याकडे, आणि दोघींच्या मनात एकच: हिनंच काहीतरी घोळ केला असेल.

मला राहवलं नाही. "मले एक दाखव तरी," मी म्हटलं. "ज्यात बाण चुकला ते."

तिनं उघडलं. "ही पाहा, आजी. साधी, चांगली पेशी. ही इकडे चालली, कॉम्प्युटरनं पाहिलं आहे. आणि बाण पाहा, बरोबर उलटा."

मी चष्मा वर केला. चित्र पाहिलं. बाण पाहिला. "बाण तर बराबर हाये."

"काय?"

"पुढचं अंग तिकडंच हाये. हे पाहा न," मी बोट ठेवून दाखवलं, "ही वाकली हाये. हे पसरट, हे तिचं कमरेखालचं अंग. हे निमुळते, हे हात. अन् हे बारीक बारीक, हे लावलेले धानाचे पऱ्हे. दिसते न साफ? लावून झाले तिचे. आता ती अशी मागे मागे जाईल."

वाटाण्याच्या टरफलांवर एक कोंबडी चढली, तरी तिला कोणी हाकललं नाही.

ईनबाईनं कपाळाला हात लावला. "हे भगवान. समधनजी, ये औरत धान नहीं लगा रही है! ये देखो, ये चौड़ा वाला मुँह है, और ये पीछे पल्लू घिसट रहा है, उसके धागे हैं. बाज़ार में घुस रही है ये!"

"बाजारात कायले घुसंन? तिले कामं नाहीत?"

"मैंने तो सब ऐसे ही लगाए!"

"अन् मी सगळे असे!"

पोरगी एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होती. मग तिनं विचारलं, "आजी, धानाच्या रोवण्यात बाया मागे मागे जातात?"

तू हसशील, पण तो प्रश्न मला लागला. हे पोर धानाच्या गावात वाढलं, रोवणा लागला की बांधाच्या धुऱ्यावर बसून पुस्तक वाचायचं. तिला चिखलात मीच उतरू दिलं नव्हतं. तू शिक, म्हटलं होतं, हे हात चिखलाचे नको. आणि मग तिला कसं ठाऊक असणार, धानाच्या बांधीत बाई तोंड करते एकीकडे आणि जाते दुसरीकडे?

म्हणून मी अंगणात उतरले. लुगडं खोचलं, वाकले, डाव्या हातात पऱ्ह्यांची जुडी म्हणून शेपूची जुडी घेतली आणि लावून दाखवलं. एक रोप, दुसरं रोप, एक पाऊल मागे. "पुढे गेलो त लावलेलंच तुडवू न, बाई! म्हणून मागे. ज्या अंगाकडे काम, ते पुढचं अंग. पाय कुठं जाते ते कोण पाहाते?" चाळीस वर्षं मी असंच चालले. मला त्या राखाडी जमिनीवर चिखल दिसला यात माझं काय चुकलं?

पोरगी पायरीवर बसली आणि हसायला लागली. एवढी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि मग ते पाणी थांबेना, तेव्हा कळलं की आता ती हसत नाही. ईनबाईनं तिला जवळ घेतलं. मी अजून वाकलेलीच होते, कारण कंबर धरली होती.

संध्याकाळी मी तिला सुचवलं. माझ्या मते सरळ उपाय होता. "माह्ये सगळे उलटे हायेत न? मंग ते उलटे करून टाक. झालं सीधं."

"कोणते तुझे, कोणते नानीचे?"

"मी पाहून सांगते."

"नाही, आजी. मी आता यादी पाहिली आहे. आता मी एकेक बाण माझ्या मनासारखा वळवत बसले, तर मॅडम म्हणतात तेच खरं झालं. मले पाहिजे तसंच दिसेल."

मग तिनं मॅडमला फोन लावला. स्पीकरवर. सगळं सांगितलं, रोवणा, बाजार, शेपूची जुडी, काही लपवलं नाही. मग मॅडमनी विचारलं, "आजी आहेत का तिथं?"

मी पदर सारखा केला. फोनवर दिसत नाही, तरी केला.

"आजी, तुम्ही सगळ्या पेशींना एकच नियम लावलात ना? एकदाही बदलला नाही?"

"कायले बदलू? रोवणा का रोज बदलते?"

"आणि नानींनी त्यांचा?"

"मैंने भी नहीं बदला," ईनबाई मागून म्हणाली.

"मग दोघी चांगल्या आहात," मॅडम म्हणाल्या. "चुकली ती तुमची नात. नियम आधी लिहून द्यायला हवा होता. दिसतेच ना, असं धरून चालली. आता पुन्हा करा. चित्रांची नावं बदल, पुन्हा मिसळ. दोघींनी सगळीच्या सगळी चित्रं करायची, वेगवेगळं बसून. आणि आजी, चित्रांबद्दल एकमेकींशी बोलायचं नाही. एक शब्दही नाही."

चार दिवस उरले होते.

पोरगीनं आधी आम्हाला एक फिल्म दाखवली, यादीत नसलेल्या पेशीची. ती पेशी पसरट बाजूनं पुढे चालली होती, आणि दोरे मागे राहत होते. खरंच पल्लू. ईनबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेले. मग मी माझ्या हातानं वहीत नियम लिहिला. मी शाळेत गेले नाही, लेकरांच्या पुस्तकांवर वाचायला शिकले, तरी माझं अक्षर बरं आहे. लिहिलं: पसरट अंग पुढचं. निमुळतं अंग मागचं. खरंच कळत नसेल तर कळत नाही. त्यातलं "खरंच" पोरगीनं दोनदा अधोरेखित केलं.

सकाळी अंघोळ-पूजा करून ईनबाई, जेवणानंतर मी. एक बसली की दुसरी परसात. आणि बोलणं बंद. आता तुला सांगते, चित्रांबद्दल बोलू नका म्हटलं की दुसरं काही सुचतच नाही. साड्या संपल्या, सुना संपल्या. जेवताना आम्ही दोघी भातावर माना घालून बसायचो. दुसऱ्या दिवशी सून मला एकीकडे घेऊन म्हणाली, "आई, भांडलात का माझ्या आईशी? मासोळीवरून काही बोललात?" मी म्हटलं, नाही वं, विज्ञान चालू हाये. तिचा विश्वास बसला नाही. तिनं त्या रात्री दोघींच्या ताटात सारखंच तूप वाढलं, चमचा मोजून.

आणि खरं सांगायचं तर मी गप्प होते ते फक्त मॅडमच्या धाकानं नाही. मला पाप लागल्यासारखं वाटत होतं. नियम लिहून दिल्यावर बहुतेक चित्रं सोपी झाली, पाहिलं की टिचकी. पण मधूनच अशी एखादी पेशी यायची की तिला दोन बाजूंनी सूप. एखादीला तीन. जशी बैलजोडीतल्या दोन्ही बैलांनी दोन बांध्यांकडे ओढ घेतली आहे आणि नांगर मधल्या मधे उभा. यात पुढचं कोणतं? पहिल्या खेपेला मी अशा ठिकाणी ठोकून द्यायची, जिकडे पऱ्हे दिसले तिकडे बाण. आता वहीत माझ्याच अक्षरात "खरंच" लिहिलेलं समोर होतं.

माझं बोट त्या बटणावर जायचं आणि परत यायचं. मनात यायचं, पोरीला बाण पाहिजेत. बाण नाहीत तर कॉम्प्युटर काय मोजेल? प्रत्येक "कळत नाही" म्हणजे तिच्या तीन वर्षांतून एक मूठ धान बाहेर सांडणं. अंदाजानं एक बाण मारला तर कोणाला कळणार आहे? मग मला तिचं ते आठवायचं, मनासारखं वळवलं तर खोटं. आणि मी बटण दाबायची. दाबून इकडेतिकडे पाहायची, कोणी पाहिलं तर नाही ना. चार दिवसांत मी ते बटण शंभराच्या वर दाबलं असेल. रात्री झोपताना मी पोरीच्या डोक्याला तेल लावलं, आणि ती म्हणाली, "आजी, तू गप्प काऊन आहेस?" मी म्हटलं, डोळा दुखून राहिला.

शेवटच्या दिवशी दुपारी माझं शेवटचं चित्र झालं. पोरगी खुणा कॉम्प्युटरला देऊन राहिली, आणि यादी उघडायच्या आधी मी म्हटलं, "थांब. मले काही सांगायचं हाये."

"मुझे भी," ईनबाई म्हणाली.

"आधी मी. बाई, मले पुष्कळ ठिकाणी कळलं नाही. मी ते बटण दाबलं. पुष्कळदा. आता तू मले काय म्हणायचं ते म्हण."

ईनबाई माझ्याकडे पाहतच राहिली. "आपने भी? मैं तो डर के मारे बोली नहीं. मैंने सोचा आप को सब समझ गया होगा."

"मले? मी समजली तुमाले कळलं!"

"कितनी बार दबाया?"

"तुमी सांगा न आधी!"

"आजी! नानी!" पोरगी ओरडली. "एक मिनिट चूप राहाता का दोघीही?"

तिनं यादी उघडली. आम्ही दोघी तिच्या दोन खांद्यांवरून वाकून पाहत होतो, आम्हाला काहीच कळत नव्हतं, नुसते आकडे. ती एक ओळ पाहायची, दुसरी पाहायची, पुन्हा पहिली. मग तिनं खुर्ची मागे सरकवली, ईनबाईच्या पायावरून सरकवली, ईनबाई ओरडली तरी तिला ऐकू गेलं नाही.

"चांगल्या पेशींवर तुम्ही दोघी जवळपास सगळीकडे एकच बाण मारला आहे," ती हळू म्हणाली. "आणि तो बरोबर आहे. आणि तुमचं ते 'कळत नाही'... आजीचं आणि नानीचं... जवळपास सगळं त्याच काचांवर आहे."

"कोणत्या?"

"ज्यांचं प्रोटीन थांबवलं होतं त्या."

मला एकदम उमगलं नाही. ईनबाई व्यापाऱ्याच्या घरची, तिला आधी उमगलं. "मतलब हम को समझा नहीं, क्योंकि उस को ही नहीं समझा था!"

"हो, नानी. मला वाटलं होतं मेट गेलं की पेशीला पुढचं अंगच राहणार नाही. तसं नाही. तिला पुढची अंगं जास्त होतात. मेट सांगत नसेल, एकच पुढे राहा, बाकीचे थांबा. म्हणून ती जागच्या जागी ओढाताण करत बसते. मी हे पाहत होते तीन वर्षं आणि मोजत होते भलतंच."

मी म्हटलं, "मंग सोडायचं का नाही?"

तिनं लगेच मॅडमला फोन लावला. मॅडमनी आनंदानं उडी वगैरे मारली नाही, ती बाई तशी नाहीच. त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं, नियम लिहिला होता का, यादी नंतर उघडली का, दोघी बोलल्या तर नाहीत. मग म्हणाल्या, "एवढ्यावर काही सिद्ध होत नाही. नव्या मासोळ्या, नव्या काचा, सगळं पुन्हा करावं लागेल." पोरगीचा चेहरा जरा पडला. आणि मॅडम पुढे म्हणाल्या, "याच प्रोटीनवर. सोडू नकोस. आणि आजी-नानींना विचार, त्यांना वेळ आहे का."

वेळ आहे का! ईनबाईनं लगेच सांगितलं की तिचे गुडघे पुढच्या महिन्यातही दुखणार आहेत.

दुसऱ्या दिवशी पोरगी गेली. जाताना वाकून माझ्या पाया पडली आणि उठताना म्हणाली, "आजी, यंदा रोवण्याला मी येणार. चिखलात उतरणार." मी म्हटलं, तुह्यानं मागे चालणं होणार नाही, आदळशील. ती म्हणाली, आदळेन. मला नाही म्हणता आलं नाही. तिची गाडी सुटेस्तोवर ईनबाई आणि मी फाटकाशी उभ्या होतो, आणि मग आत येऊन जे बोलायला बसलो ते दिवे लागेपर्यंत. चार दिवसांचं सगळं साचलं होतं. त्या तीन सुपांच्या पेशीवर तिनं काय केलं आणि मी काय केलं, इथून सुरुवात.

म्हणून सांगते, मासोळ्यांची डॉक्टर म्हणू नको पुन्हा. कोणी विचारलं तर सांग, ती पेशींना तोंड कसं फुटते ते पाहाते, आणि तिची आजी तिच्या हाताखाली आहे. आणि नुसतं वाचून बाजूला ठेवू नको. नव्या काचांची चित्रं आली आहेत, ती भरलेली काळी डबी कोनाड्यात आहे. मॅडमचं म्हणणं, आणखी एक डोळा असला तर बरा, आणि तू शहरात राहून कधी रोवणा पाहिला नाहीस, तुझी नजर कोरी आहे. तर या आठवड्यात गाडीत बस. मंगळवारी ईनबाई दोन दिवस गोंदियाला जाणार आहे, त्या दिवशी आलीस तर बोदलकसाची मासोळी करते, झणझणीत. पण ती परत यायच्या आत भांडी घासायला तू बसायचं. ये वं लवकर.